ड्रॉप टाकले अकराला, रात्री आठलाही बल्बभोवती कडं

पत्र : मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ५२. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. 'वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा बघून घ्या' असं डॉक्टर दरवेळी सांगायचे. ते टाळत टाळत यंदा ऑक्टोबरात मिरजेला गेलो. अकराच्या सुमाराला ड्रॉप टाकले, अर्ध्या तासानं परत टाकले, आणि 'बाहुली अजून उघडली नाही' म्हणून बाराला तिसऱ्यांदा टाकले. पडदा चांगला आहे म्हणाले. त्रास किती वेळ राहील विचारलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, 'दोन-तीन तास.' मोटारसायकलवर गेलो होतो, तसाच परत निघालो. ऊन डोळ्यांत इतकं घुसत होतं की माधवनगरच्या पुढं झाडाखाली गाडी लावून बसलो. घरी डाउनीची (द्राक्षावरच्या बुरशी रोगाची) फवारणी अडली होती. औषधाच्या बाटलीवरचं माप चष्मा लावूनही दिसेना, शेवटी मुलानं वाचलं. रात्री आठला बल्बभोवती कडं दिसत होतं. सकाळी सगळं ठीक झालं.

आता विचारायचं ते असं. हा अंमल खरा किती तास असतो? मला जास्त वेळ लागला म्हणजे डोळ्यात काही बिघाड आहे का? दुसरं, माझी सहा वर्षांची नात थोडी तिरळी बघते. तिला घरीच तीन दिवस मलम लावायला दिलं होतं. मलम बंद करून आज आठवा दिवस, तरी बाहुल्या मोठ्याच आहेत आणि शाळेत तिला वाचता येत नाही. शेजारचे म्हणतात औषध जास्त झालं. तिसरं, आमच्या मंडळींना बीपी आहे आणि आता शुगरही निघाली आहे. माझे हाल बघून ती ड्रॉपला नाहीच म्हणते. ड्रॉपशिवाय मशीनवर फोटो निघतो असं कुणीतरी सांगितलंय. काय करावं?

उत्तर :

दादा, नमस्कार. तुमच्या डोळ्यात बिघाड नाही. जे झालं ते त्या ड्रॉपच्या हिशेबानं अगदी वेळेत झालं. चुकलं ते काउंटरवरचं उत्तर.

पडदा बघण्यासाठी मोठ्या माणसांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रोपिकामाइडचा ड्रॉप टाकतात. बऱ्याचदा त्याच बाटलीत फिनाइलेफ्रिनही असतं. ट्रोपिकामाइड वीस ते चाळीस मिनिटांत बाहुली पूर्ण उघडतं आणि अंमल उतरायला साधारण चार ते आठ तास घेतं. काहींना त्याहून जास्त लागतात, एखाद्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उजेड बोचतो. 'दोन-तीन तास' हे उत्तर कुठून येतं तेही सांगते. तेवढ्या वेळात माणूस सावरतो, रस्ता दिसायला लागतो, म्हणून सांगणाऱ्याला वाटतं की झालं. पण बाहुली तेव्हा अजून निम्मीसुद्धा मिटलेली नसते.

त्यात तुम्ही तास मोजलेत अकरापासून. ते मोजायचे शेवटच्या ड्रॉपपासून, म्हणजे बारापासून. बारा आणि आठ, रात्रीचे आठ. तुम्हाला कडं दिसलं ती वेळ नेमकी तीच.

तीनदा ड्रॉप का लागले, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तर त्यातच आहे. बाहुलीला दोन स्नायू असतात. एक कडेनं गोल फिरलेला, तो आवळला की बाहुली लहान होते. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा, तो ओढला की मोठी होते. ट्रोपिकामाइड पहिल्याला सैल करतं, फिनाइलेफ्रिन दुसऱ्याला ओढायला लावतं. शुगर जुनी झाली की या स्नायूंच्या नसा मंदावतात आणि बाहुली नीट उघडायला तयार होत नाही. आपल्यासारख्या गडद डोळ्यांतही औषध सावकाश चढतं. म्हणून शुगरवाल्या माणसाला एका ड्रॉपवर भागत नाही हे ओपीडीत रोजच दिसतं. तिसरा ड्रॉप टाकणाऱ्यानं तुमच्यावर अन्याय केला नाही. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून पडद्याचा मधला भाग दिसतो, कडा राहून जातात, आणि कडेचा बिघाड तिथंच लपून राहतो.

ऊन इतकं का लागलं? भर उन्हात बाहुली तीन मिलिमीटरच्या आसपास असते. ड्रॉपनंतर ती आठपर्यंत जाते. व्यास तिनाचा आठ झाला की क्षेत्रफळ सातपट होतं, म्हणजे प्रकाशही सातपट आत. शिवाय एरवी बाहुली आकसून कडेचे वेडेवाकडे किरण बाहेरच थोपवते, ते आता सरळ आत येतात. त्यामुळं लांबचंही थोडं पसरट दिसतं आणि दिव्याला कडं येतं. अशा डोळ्यांनी तुम्ही मोटारसायकल चालवलीत. झाडाखाली थांबलात हे फार बरं केलंत. मुळात गाडी न्यायलाच नको होती, आणि हे तुम्हाला अपॉइंटमेंट देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मिरजेहून सांगलीला सारख्या गाड्या असतात, सांगली स्टँडवरून तासगावची एसटी मिळते. सोबत मुलगा असेल तर मोटारसायकलही चालेल, मुलगा पुढं आणि तुम्ही मागं.

बाटलीवरचं माप न दिसण्याची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ट्रोपिकामाइड बाहुलीबरोबर डोळ्याच्या आतला आणखी एक स्नायू सैल करतं, जो जवळचं बघताना भिंगाला फुगवतो. बावन्नाव्या वर्षी त्या स्नायूच्या कामात तसंही फार थोडं उरलेलं असतं. पण तुमच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर काढताना ते उरलेलं थोडंसं हिशेबात धरलेलं असतं. ड्रॉपनं तेही गेलं, म्हणून रोजचा चष्मा त्या दिवशी कमी पडला. तुमच्या मुलाच्या वयाच्या माणसाला हाच ड्रॉप टाकला तर त्याला याहून जास्त जाणवतं. चष्म्याशिवाय सगळं वाचणारा पंचविशीतला पोरगा ड्रॉपनंतर मोबाइलवरचा मेसेज हात लांब करकरून वाचतो आणि घाबरतो. घाबरण्यासारखं काही नसतं. जवळचं दिसणं बऱ्याचदा आधी परत येतं, उजेडाचा त्रास मागून जातो.

फवारणीचं औषध मापायला तुम्ही मुलाला बोलावलंत ते उत्तम. पण मी म्हणेन, त्या दिवशी फवारणीच्या जवळ जाऊच नका. मिली चुकलं तर बाग जळते किंवा डाउनी वाढते. ब्लोअर ट्रॅक्टरवर चालतो, म्हणजे तीही गाडीच झाली. उसात कोयता, गोठ्यात कडबा कुट्टी, विहिरीच्या पायऱ्या, सगळं दुसऱ्या दिवशी. बेदाण्याच्या सौद्याला जायचं असेल, बँकेत सही करायची असेल, तर तो दिवस डोळ्यांच्या तपासणीला देऊ नका.

दिवस निवडण्याबद्दल एक सुचवते. ऑक्टोबर तुमच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट महिना. फळछाटणी झालेली, फवारण्या डोक्यावर, आणि वर ऑक्टोबर हीट. पुढच्या वर्षी आषाढ-श्रावणात जा. आभाळ भरलेलं असतं, ऊन नसतं, बागेतली घाईही त्या मानानं कमी. आणि वेळ घेतलीत तर सकाळची पहिली घ्या. नऊला ड्रॉप पडले तर संध्याकाळच्या चहापर्यंत बहुतेक उतरलेले असतात. गॉगल आणि टोपी घरून न्या. गॉगल नसेल तर छत्रीसुद्धा चालते, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

लवकर उतरावं म्हणून काही करता येतं का? घरी करण्यासारखं काही नाही. डोळे धुऊन, गुलाबपाणी टाकून, मध घालून काहीही होत नाही. औषध केव्हाच आत शिरलेलं असतं. मध आणि दूध तर डोळ्यांत कधीच घालू नये, ड्रॉप असो नसो. बाहुली लवकर मिटवणारा फेंटोलॅमिनचा ड्रॉप अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाला आहे, पण तोही अंमल काही तासांनी कमी करतो, लगेच पुसून टाकत नाही. तुमच्यासाठी गॉगल आणि एक दिवसाची सुट्टी हाच उपाय.

आता कड्याबद्दल, कारण याच जागी गफलत होऊ नये. उजेड बोचतो, कडं दिसतं, थोडं अंधुक आहे, पण डोळा दुखत नाही, तर निवांत झोपा. पण कड्याबरोबर डोळा ठणकायला लागला, लाल झाला, त्या बाजूचं डोकं दुखायला लागलं, मळमळ-उलटी झाली, नजर आणखी अंधुक झाली, तर रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. पित्त झालं म्हणून गोळी घेऊन पडून राहायचं नाही. काही लोकांच्या डोळ्यात पाणी बाहेर जायचा कोपरा अरुंद असतो. बाहुली मोठी झाली की तो बंद होऊन डोळ्यातला दाब एकदम चढतो. हा अचानक येणारा काचबिंदू. तो बाहुली परत लहान होत असतानाही येऊ शकतो, म्हणजे माणूस घरी पोचल्यावर. असं फार क्वचित होतं, आणि डॉक्टर ड्रॉप टाकण्याआधी कोपऱ्याचा अंदाज घेतात तो यासाठीच. पण वय झालेले, जाड प्लस नंबरचा चष्मा असलेले, त्यातही बायका, यांनी ही लक्षणं पाठ करून ठेवावीत. वेळेत गेलं तर दाब उतरवता येतो, उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

आणि मोठ्या माणसाची बाहुली साध्या तपासणीच्या ड्रॉपनंतर चोवीस तासांनीही तेवढीच मोठी राहिली, तर जिथं तपासलं तिथं फोन करा.

नातीकडे वळते. तिचं औषध जास्त झालेलं नाही. ते औषधच वेगळं आहे. तीन दिवस घरी लावायचं मलम म्हणजे बहुधा अॅट्रोपिन. ट्यूबवर नाव बघून घ्या. लहान मुलांचा तो जवळचं बघायचा स्नायू इतका ताकदवान असतो की मूल नकळत जोर लावून प्लस नंबर लपवतं. मशीनसमोर बसवलं तरी खरा आकडा निघत नाही. आणि सतत जोर लावला की डोळा आत वळतो, तिरळेपणाचं एक मोठं कारण हेच असतं. अशा मुलांना नंबराचा चष्मा वेळेवर मिळाला तर कित्येकदा डोळा चष्म्यानंच सरळ होतो. हा स्नायू पुरता झोपवायला अॅट्रोपिनइतकं जोरकस दुसरं औषध नाही. त्याची किंमत म्हणजे बाहुली सात ते चौदा दिवस मोठी राहते. आठवा दिवस म्हणजे ती अजून वेळेतच आहे.

इतर औषधांचंही सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर तुम्हालाच सांगता येईल. सायक्लोपेंटोलेट टाकलं असेल तर एक दिवसभर, होमॅट्रोपिन असेल तर एक ते तीन दिवस. म्हणून दवाखान्यातून निघताना 'किती वेळ' एवढंच विचारू नका, 'ड्रॉपचं नाव काय' हे विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नाव कळलं की वेळ कुणीही सांगेल. नाव न सांगता सांगितलेली वेळ ही अंदाजपंचे.

शाळेत बाईंना एक चिठ्ठी द्या: डोळ्यांत औषध घातलं आहे, आणखी आठवडाभर वहीवरचं दिसणार नाही, वाचनाचा आग्रह नको, खिडकीच्या उजेडापासून लांब बसवावं. पोरीला टोपी घाला. दुपारच्या सुट्टीत भर उन्हात मैदानावर नको. बाहुली पूर्ववत झाली की डॉक्टर पुन्हा बोलावतील आणि चष्म्याचा शेवटचा नंबर तेव्हा ठरवतील. ती दुसरी फेरी चुकवू नका. मलम लावून झालं, तपासणी झाली, आता कशाला परत, असं म्हणून थांबलेली पुष्कळ घरं मी पाहिली आहेत, आणि चष्म्याविना मोठी झालेली त्यांची मुलंही. एक डोळा तिरळा राहिला तर मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडून येणारं चित्र टाकून द्यायला लागतो. सहाव्या वर्षी ते परत शिकवता येतं. सोळाव्या वर्षी फार अवघड.

मलम लावत असताना मुलाला ताप आला, चेहरा लालबुंद झाला, तोंड सुकलं, छाती धडधडायला लागली, मूल असंबद्ध बडबडायला किंवा फार चिडचिड करायला लागलं, तर मलम बंद करून लगेच दवाखाना गाठायचा. तुमच्या नातीचे ते दिवस गेले. पण उरलेली ट्यूब घरात फिरत असेल तर ती आजच टाकून द्या. पोटात गेली तर ते विष आहे. आणि मलम लावणाऱ्यानं हात साबणानं धुवायचे. नाहीतर आजी नातीला मलम लावते, मग स्वतःचा डोळा चोळते, आणि सकाळी आरशात तिची एकच बाहुली मोठी दिसते. घरात अर्धांगवायूची चर्चा सुरू.

अगदी अशीच गत धोतऱ्यानं होते, आणि तुमच्या बांधावर तो असणारच. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला फुलं तोडतात, रस हाताला लागतो, तोच हात डोळ्याला. धोतऱ्यात अॅट्रोपिनच असतं. बाहुली मोठी होऊन काही दिवस तशी राहते. डॉक्टरांकडे जावंच, पण जाताना 'धोतरा तोडला होता' हे सांगितलं तर मेंदूच्या स्कॅनचा खर्च वाचू शकतो. उलट हाताला कसलंही औषध, कसलंही झाड लागलेलं नसताना एकच बाहुली अचानक मोठी झाली, सोबत डोकं दुखतंय, पापणी पडली आहे किंवा एकाचे दोन दिसतायत, तर घरी थांबायचंच नाही.

आता वहिनींचं. ड्रॉपला नाही म्हणण्यामागं तुमचे हाल आहेत, म्हणून आधी तुम्हीच त्यांना सांगा की तुमचा निम्मा त्रास ड्रॉपचा होता आणि निम्मा मोटारसायकलचा.

मशीनवर ड्रॉपशिवाय फोटो निघतो हे खरं आहे. अंधाऱ्या खोलीत बाहुली आपोआप जरा मोठी होते, तेवढ्यात कॅमेरा पडद्याचा मधला भाग टिपतो. गावोगावच्या शिबिरांत चाळणी लावायला तो चांगला. काहीच न तपासण्यापेक्षा फोटो शंभरपट बरा. पण पन्नाशीत बाहुली मुळात लहान असते, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर फोटो धुरकट येतो, आणि पडद्याच्या कडा त्यात येत नाहीत. फोटो नीट आला नाही किंवा त्यात काही शंका आली तर शेवटी ड्रॉप टाकावाच लागतो. वहिनींची शुगर आत्ताच सापडली आहे. म्हातारपणाकडे येणारी ही शुगर सापडण्याआधी कित्येक वर्षं अंगात असू शकते, म्हणून पडद्याची पहिली तपासणी शुगर सापडल्याबरोबर करायची असते, पाच वर्षांनी नाही. पहिली तपासणी तरी ड्रॉप टाकून पूर्ण होऊ दे असं माझं मत. ती स्वच्छ निघाली तर पुढच्या वर्षी फोटोवर भागेल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा.

'मला तर सुईत दोरा ओवता येतो, कशाला तपासायचं' असं त्या म्हणतील. बऱ्याच बायका म्हणतात. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागल्या तरी मधला भाग शाबूत असेपर्यंत नजर चांगलीच राहते. दुखत नाही, खुपत नाही. दिसायला कमी येतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं, आणि मग लेझर आणि इंजेक्शनं आहे ती नजर टिकवण्यासाठी द्यावी लागतात.

बीपीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो आधी सांगायलाच हवा. ट्रोपिकामाइडनं बीपीचं काही बिघडत नाही. फिनाइलेफ्रिन बीपी चढवू शकतं, विशेषतः जास्त ताकदीचं असेल आणि पुन्हापुन्हा टाकलं तर. ड्रॉप टाकणाऱ्यांना 'बीपी आहे, हृदयाचं अमुक आहे' एवढं सांगितलं की ते नुसतं ट्रोपिकामाइड टाकू शकतात. बाहुली उघडायला थोडा वेळ जास्त जाईल, जाऊ दे. त्या दिवशीची बीपीची गोळी चुकवायची नाही आणि शुगरच्या गोळ्या घेत असतील तर उपाशीही बसवायचं नाही; ड्रॉपला उपास लागत नाही, आणि रांगेत दुपार होते. डब्यात भाकरी न्या. ड्रॉप पडला की डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायला सांगा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं, कडू लागत नाही आणि अंगातही कमी भिनतं.

जाताना दोघांच्या चालू गोळ्यांची पाकिटं, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि जुने चष्मे एका पिशवीत घाला. तुमचा केसपेपरही त्यातच असू द्या, पुढच्या वर्षी तुमची पाळी आली की तीन ड्रॉप लागतात हे त्यांना आधीच कळेल.